बर्फातल्या गाडीचा प्लग

आख्ख्या चकलांब्यात टू-स्ट्रोक इंजिनाचा प्लग माझ्याइतका कुणाला कळत न्हाई. माझाच फवारणीचा पंप औंदा सुरू झाला न्हाई, ते सोडा. परवा भाच्याचा फोन आला. गडी फौजेत हाय, लडाखला बर्फावर पळणारी स्कूटर चालवतो.

"मामा, प्लग सारखा ओला होऊन काळा पडतोय. इथं गरम जातीचा न् थंड जातीचा, दोन्ही हायेत. उद्या वरच्या चौकीला राशन न्यायचंय. कोणता टाकू?"

म्हणलं, "थंड टाक बे. बर्फात गरम कसा टिकंल?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मामा, थंड प्लग तापलाच न्हाई, काजळी धरली न् गाडी अर्ध्या चढावर बंद पडली. ढकलत नेली."

"बेस झालं की. अंगात ऊब आली आसंल."

"आली ना. आमचे साहेबबी ढकलीत होते. त्यांनी इचारलं, हा प्लग कुणी सांगितला. मी तुमचा नंबर दिलाय."