एकालाही कापायचं नाही!

...नाही, तुम्हीच सांगा, दोनशे बारा नाचणारे लॅपटॉपच्या पडद्यावर एक पाय वर करून तसेच उभे, ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगलेत ते फुगलेलेच, आणि माझी जुनी हार्ड डिस्क आत नुसती कुरकुरतेय! तीन कॅमेऱ्यांचं एचडी चित्रीकरण एकदम ओढणं तिच्या बापाच्यानं होणार नाही, आणि फिल्म द्यायचीय रविवारी! फाउस्तीनोभाऊंना, यंदाच्या उत्सवाच्या यजमानांना. त्यांनी आधीच बजावलेलं, "सातुर्नीनाबाई, प्रत्येकानं नवा पोशाख शिवलाय, प्रत्येक जण दिसला पाहिजे. एकालाही कापायचं नाही!" अहो, मग मला एडिटिंगला कशाला बोलावलंत? पुजायला?

पण तुम्हाला सांगते, चाळीस वर्षं या एल आल्तो शहरात कॅमेरा धरतेय, कुणी शिकवलं नाही, कुणापुढे मान खाली घातली नाही. रविवार चुकला तर या वयात तोंड कुठे लपवू? पाठीवरच्या रंगीत फडक्यात, जिथे बायका पोरं बांधतात, तिथे लॅपटॉप बांधला आणि गेले बाजारात.

पहिला दुकानदार, केसांना तेल चोपडलेला. "आजी, ही घ्या, सोळा टीबी! नातवंडांचे फोटो मावतील." नातवंडांचे फोटो! शालीची पिन काढली, फटीत घातली, उघडली डबी... आत नखाएवढं मेमरी कार्ड, आणि वजनाला गोंदानं चिकटवलेले दोन नट! "आजी, हे... हे कारखान्यातूनच असं येतं." येतं का? मग तुझी अक्कलही त्याच कारखान्यातली दिसते!

पुढे एर्मेलिंदा. पक्की बाई. तिनं दोन डिस्का पुढे ठेवल्या. "ही तबकडीवाली, ताई, स्वस्त, साठवायला बरी. पण तीन कॅमेरे एकदम पळवायचे तर ही बिनतबकडीची, एसएसडी." मी काय ऐकून घेते? तिथेच पाठीवरचा लॅपटॉप सोडला, एक नाच तिच्यावर उतरवला, तिन्ही कॅमेरे एकदम लावले... आणि निघाले की हो सगळे नाचत! अख्खी गल्ली जमली. एक बाई ओरडली, "अगं ती माझी जाऊ! कापा तिला!" नाही हो बाई, एकालाही कापायचं नाही!

मग मी मुद्द्याचं विचारलं, "बिअर सोसेल?" एर्मेलिंदा आमच्याचकडची, नव्या वस्तूवर बिअर शिंपडायची रीत तिला ठाऊक, हसली नाही. "किती बाटल्या?" म्हटलं, फाउस्तीनोभाऊ येणारेत. तिनं तसलीच तिसरी काढली, पण रबरी कवचाची, थेंब आत न शिरणारी. महाग! घेतली.

शनिवारी दुपारी सगळं चित्रीकरण तिच्यात भरलं आणि आता एडिटिंगला बसणार, तोच भाऊ हजर, काखेत बाटल्या. "नवी वस्तू, आणि अजून कोरडी? बाई, धरणीमाता रागावेल!" म्हटलं शिंपडा, तयारीनंच आणलीय! धरणीमातेला दोन थेंब, डिस्कवर अर्धी बाटली, वर रंगीत कागदाचे तुकडे... डिस्कनं हूं की चूं केलं नाही! मी अशी छाती काढून उभी! आणि हा बाबा म्हणतो, "मग या थोरल्यानं काय पाप केलंय?" आणि उरलेली अर्धी... लॅपटॉपच्या कीबोर्डवर!

फुस्स.

आता एका रात्रीत दुसरा लॅपटॉप आणणार कधी आणि एडिटिंग करणार कधी? रविवारी डिस्क थेट भाऊंच्या टीव्हीला जोडली. कच्चं चित्रीकरण, नऊ तास! माझा अंगठा, माझ्या शिव्या, कुणाचं तरी कोपर अर्धा तास, भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभे राहिलेले बँडवाले... घ्या! एकालाही कापलं नाही! मी आपली दाराशी, बूट घालून, पळायच्या बेतात.

नऊ तासांत कुणी जागचं हललं नाही. शेवटी भाऊ उठले, डोळे पुसत माझ्या गळ्यात पडले. "सातुर्नीनाबाई, चाळीस वर्षांत असलं एडिटिंग तुम्ही केलं नव्हतं!"

मी बूट काढले. म्हटलं, फार मेहनत लागते, भाऊ.