शेजारचं बेसिन

— नाही नाही, त्या वॉशिंग मशीनच्याच जागी. मशीन तिकडे दाराशी सरकवायचं आणि इथे, या बेसिनच्या शेजारी, दुसरं बेसिन. बरोबर ऐकलंत, दोन. चोवीस इंच मोकळे मिळतात, टेप काढू नका, मी मोजलंय — अहो मिस्त्री, चाळीस वर्षं घरांचे नकाशे काढले मी, कुणाच्या घरात कशाशेजारी काय बसणार हे माझ्या पेन्सिलीनं ठरायचं. फ्रिज शेगडीला चिकटवू नका, उगाच तापतो. मशीन पाण्याच्या नळाजवळ ठेवा, पाईप लांबवू नका. लोक ऐकायचे. इथे मशीन का ठेवलं मग? नळ तयार, सांडपाण्याची वाट तयार, मशीन असं गपकन बसलं — कागदावर बिनतोड होतं. ती म्हणत होती तेव्हाच, इथे माझं बेसिन करा म्हणून. मी म्हटलं, दोन माणसांना दोन बेसिनं? हॉटेल काढायचंय का?

ती म्हणजे बायको हो माझी. बहिणीकडे गेलीय. हवापालट. बहीण एकटीच असते, मोठं घर आहे, तिलाही सोबत होते — किती दिवस? झाले असतील... आठ महिने झाले. असं बघू नका माझ्याकडे. हवा चांगली आहे तिकडची.

तर सकाळी काय व्हायचं सांगतो. मी दाढी करायचो. मला घाई आवडत नाही, साबण लावला की पाच मिनिटं मुरू द्यायचा, मग वस्तरा. आणि ती मागे टॉवेल घेऊन उभी. आरशात दिसायची ना मला — म्हणजे कपाळ दिसायचं, आणि डोळे. बाकीची माझ्या मागे. मी मुद्दाम गाल फुगवून दाखवायचो, पूर्वी हसायची. मग हसेनाशी झाली, ते कधीपासून, ते काही सांगता येणार नाही. आता काय, आरसा सगळा माझा. हवी तेवढी दाढी करा. दोन-दोन दिवस करतच नाही मी, कुणासाठी करायची?

हे मुलीला सांगितलं फोनवर, की बेसिन बसवतोय, तर म्हणते, बाबा, वरातीमागून घोडं. म्हटलं, घोडं येतंय ना, मग झालं तर!

काय म्हणालात? उंची? जमिनीपासून — हो, हो, ती सांगायला हवीच. हे जुनं पस्तीसवर आहे, मी उंच ना, मी माझ्या कंबरेच्या हिशेबानं लावून घेतलं. तिचं खाली हवं. बरंच खाली. ती माझ्या... थांबा, तुम्ही इकडे या बघू, असे उभे राहा. नाही, तुम्ही जास्तच उंच. ती माझ्या इथे यायची, खांद्याच्या खाली — का छातीला? मान वर करून बोलायची हे आठवतं. या घराच्या खिडक्या सांगतो तुम्हाला, चौकटी सांगतो, स्वयंपाकाचा ओटा डोळे मिटून सांगतो, बत्तीस इंच. आणि बायको विचाराल तर — दिव्याखाली अंधार, दुसरं काय! एकतीस वर्षं.

मग ती इथे तोंड कशी धुवायची? बुटकं स्टूल होतं, त्यावर चढून. हो, बरोबर, स्टुलाची उंची वजा केली की जमलं, तुम्ही हुशार आहात. पण स्टूल नाहीये आता. मोडून टाकलं मी. डगमगायचं ते, एका पायाला मी पुठ्ठा लावून दिला होता, तो भिजायचा — आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, पडली ती त्याच्यावरून. इथेच. मनगट मोडलं. आणि मी, तोंडाला साबण तसाच, आणि काय म्हटलं असेन? "तुला साधं नीट उभं राहता येत नाही?" हेच. हात द्यायच्या आधी. प्लास्टर घालून बहिणीकडे गेली, घरकाम होईना म्हणून. प्लास्टर दीड महिन्यात निघालं. चुकलं माझं. तिला नाही म्हटलं अजून, तुम्हालाच पहिल्यांदा म्हणतोय, कमाल आहे.

तिलाच फोन करून विचारू म्हणता? नको, मी कसा विचारू? मी फोन केला तर "बरी आहे" म्हणते नि ठेवते. आणि उंची विचारायची म्हणजे — इतक्या वर्षांत एवढंही ठाऊक नाही हे आपल्याच तोंडानं सांगायचं. असं करू, तुम्ही लावा. तुमच्या फोनवरून. प्लंबर बोलतोय, बेसिन किती उंचीवर बसवू, एवढंच म्हणायचं. पुढचं ती ओळखेल. चटकन ओळखते. घ्या, हा नंबर. लावा लावा.

लागला? ...हं. किती? अठ्ठावीस! बघा, विचार करावा लागला नाही तिला, तयारच होतं! अठ्ठावीस, लिहून घ्या भिंतीवर. — अजून बोलतेय? काय म्हणतेय?

ठेवलात? काय म्हणाली ती? "कालच सांगितलं होतं ना"? काल कुणाला सांगितलं? मी तर काल... आणखी काय म्हणाली? "किल्ली खालीच बहिणीकडे आहे"? वरच्या खोलीची. "एकटीपुरतं लहानच आणा." असं म्हणाली? ओटाही अठ्ठावीसच? हो. ओटाही उंचच होता तिला इथला.

तुम्हाला तिचा प्लंबर समजली ती. साहजिक आहे. आवाज कसा होता? नाही, म्हणजे कंटाळलेली, का — खूश होती. बरं. तुम्ही काय म्हणालात? "बरं ताई." बरोबर बोललात. दुसरं काय बोलणार.

छिन्नी ठेवा ती खाली. भिंत नका फोडू. तुमचा वेळ गेला, माफ करा. बेसिन राहू दे खोक्यातच, मी बघतो काय करायचं ते — कोण? तुमचाच वाजतोय. तिचाच नंबर आहे, शेवटचे आकडे तेच आहेत. अजून कसे आला नाहीत म्हणून विचारत असेल. सांगा, चुकून लागला होता. माझं नाव काढू नका, आणि इथे नका उचलू — अहो बाहेर जा, जिन्यात जाऊन बोला, जा!