टिनकप तळ्याचा खरा पत्ता

...नाही नाही, तुम्हाला सांगतो, यातला एक शब्द खोटा नाही! गळाला लावायच्या जळवांच्या डब्यावर हात ठेवून सांगतो! आता मी स्वतः तिथे नव्हतो म्हणा... म्हणजे होतो, पण जरा मागे. ते जाऊ द्या! व्हर्लिन हाउगस्टाडचं काय झालं ते ऐका. आमच्या उत्तर मिनेसोटातला हा भला माणूस दर जूनमध्ये आठवड्याची सुट्टी काढतो, गाडीमागे बोट जोडतो, स्मॉलमाउथ बास मासे पकडायला जातो आणि येताना काय आणतो? डासांचे फोड! कारण आमच्या तळ्यांचं पाणी असं नितळ, की तुम्हाला मासा दिसायच्या आत माशाला तुम्ही दिसता, आणि तो लाल डोळे वटारून बघून घेतो, की आला वाटतं हा गबाळ्या!

यंदा बायकोनं, मार्लिसनं, निर्वाणीचं सांगितलं, "हे शेवटचं हं. हातात बास धरलेला फोटो दाखव, नाहीतर पुढच्या जूनची सुट्टी माझी. आयोवाला जायचं, गोधड्यांचं प्रदर्शन बघायला."

आठवडाभर गोधड्या! व्हर्लिनला कॉफीचा ठसकाच लागला.

आणि नेमका त्याच रविवारी मार्लिसचा भाऊ ओरिन, ज्याच्या गळाला बास जणू ठरवून लागतात तो ओरिन, चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या पिंपापाशी, सगळ्यांदेखत म्हणतो, "दाजी, टिनकप तळ्यावर चला माझ्याबरोबर. उत्तरेच्या काठाला, मोठ्या दगडांपाशी. बासच बास! फक्त स्टोनबोट तळ्यावर जाऊ नका, तिकडे काही नाही."

आता तुम्हीच सांगा, माणूस खरं का सांगेल? आमच्याकडे माणूस एक वेळ पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, पण माशांची जागा? बाप मरताना पोराला सांगतो, आणि तेही चुकीचा काठ!

व्हर्लिननं स्वयंपाकघरात नकाशा पसरला. "तिकडे काही नाही" म्हणजे आमच्या भाषेत काय? तिकडे सगळं आहे! आणि "माझ्याबरोबर चला"? म्हणजे नजरेखाली ठेवायचं, स्टोनबोटकडे वळू द्यायचं नाही! केवढा कावा!

"अरे, माझा भाऊ आहे तो, खरंच सांगत असेल," मार्लिस म्हणाली.

"तुझा भाऊ आहे म्हणूनच! खरं का सांगेल तो?"

झालं! स्टोनबोटवरची खोली ठरली, गळाची नवी काठी आली, आणि शनिवारी सकाळी व्हर्लिन शीळ घालत तळ्यावर पोचतो तर... बोटी पाण्यात सोडायला ही रांग! दंतवैद्य आहे, चर्चचं अख्खं गायकमंडळ आहे, आणि सगळ्यांत पुढे टोपी नाकापर्यंत ओढून पास्टर लुंडेबी.

"पास्टर, तुम्ही?"

"मी... एकांतासाठी आलोय, बाळ."

"तीन गळ घेऊन?"

पास्टरांनी टोपी जराशी वर केली. मग हळूच, "तूपण टिनकपचं ऐकूनच इकडे आलास का रे?"

तुम्हाला सांगतो, त्या रांगेत जेवढ्या माना खाली गेल्या, तेवढ्या चर्चमध्ये प्रार्थनेलासुद्धा कधी जात नाहीत! तळघरातल्या प्रत्येकानं ऐकलेलं, प्रत्येकानं तेच डोकं चालवलेलं, खरं का सांगेल तो! आठवडाभर बोटीला बोट घासत सगळे बसले, आणि पाणी इतकं नितळ, इतकं नितळ, की अगदी तळापर्यंत स्पष्ट दिसत होतं... तिकडे काही नाही!

शुक्रवारी फोन वाजला. फोटो. मागे मोठे दगड, पुढे थोराड तपकिरी बास, आणि तो दोन्ही हातांनी धरून हसणारी... मार्लिस! खाली ओरिनचा मजकूर: "दाजी, बोटीत तुमची जागा रिकामी होती, म्हणून ताईला नेलं."

घरी मार्लिस शांतपणे म्हणाली, "फोटो हवा होता ना? हा घे. हात तेवढे माझे आहेत. पुढच्या जूनला आयोवा."

आणि व्हर्लिन? तो आतापासूनच संशयानं पोखरलाय! एवढा मासा पकडलेली बाई टिनकप सोडून गोधड्या बघायला कशाला जाईल? खरं का सांगेल ती? गपचूप आयोवातली तळी शोधतोय, काठीसुद्धा गाडीत ठेवलीय.

तर हे सगळं खरं. रांगेत पास्टरमागे मीच होतो. पदरचं एवढंच घातलं, की त्या तळ्याचं नाव टिनकप नाही. खरं नाव हवंय? विचारा की, सगळ्यांदेखत सांगतो. काठासकट सांगतो. तुम्ही थोडेच जाणार आहात!