मुक्या न्हाव्याचा बोळ

आज तीन नोव्हेंबर, सोमवार, सकाळपासून दाट धुकं. म्हणजे टोळी यायची नाही, म्हणजे मला बोलता येईल, म्हणजे तुम्ही हनुवटी वर करा आणि हलू नका! अहो, पाचशे वर्षं या गल्लीला ‘मुक्या न्हाव्याचा बोळ’ म्हणतात, माझं काही म्हणणं नव्हतं... पण आमचा मेहुणा गाइड झाला! छत्री उंच धरून पर्यटकांची टोळी माझ्या दारात आणतो आणि सांगतो, “मंडळी, दाढी करून घेताना राजा झोपेत गुपित बोलून गेला, ते फुटू नये म्हणून न्हाव्यानं स्वतःची जीभ कापली, आणि हे पाहा त्याचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या मुके!” वंशज म्हणजे कोण? मी! आणि मी मुका!

तुम्हाला सांगतो, लोक माझ्याकडे दाढीला येतात होय? गप्पांना येतात! गिऱ्हाईक विचारतं, “मग पुढे त्या बेकरीवाल्याचं काय झालं?” आणि नेमकी दारात छत्री. गिऱ्हाईक फेसातून बघतंय, टोळी काचेतून बघतेय, बेकरीवाला अर्ध्यावर लटकलाय, आणि मी मुका! एकेक करून सगळे समोरच्या सलूनमध्ये गेले. तिथे निदान रेडिओ तरी बोलतो. बायकोला सांगितलं, तर म्हणते, “माझा भाऊ जन्मात पहिल्यांदा कामाला लागलाय. तुम्ही घटकाभर गप्प बसलात तर काय आभाळ कोसळणार आहे?” घेतलं गिळून. डोकं डावीकडे... हां.

पण गेल्या आठवड्यात मेहुण्यानं राजाची दाढीच वाढवली हो! आधी बोटभर होती, मग छातीपर्यंत, आता लालभडक, गुडघ्यापर्यंत! अहो, चौकात राजाचा दगडी पुतळा आहे, याची फेरी तिथूनच निघते. नऊ वर्षांचं पोर, गाल गुळगुळीत, त्याच वयात गेलं बिचारं! किती सोसायचं माणसानं? वस्तरा उंचावून ओरडलो, “राजाला दाढीच नव्हती!”

म्हटलं, गेलं मेहुण्याचं काम, आता घरी आपलं जेवण बंद. तर तो पठ्ठ्या छत्री टाकून गुडघ्यांवर बसला, “चमत्कार! मुका बोलला!” एक म्हातारी रडली, टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी टोळी दुप्पट! आता दर फेरीला मी मुका, आणि त्यानं छत्री मिटली की एकदाच... अरे देवा. धुक्यात ती छत्रीच ना? हलू नका. शू...

...

“राजाला दाढीच नव्हती!”

झालं. करा दुसरा गाल इकडे.