सान अंतोनियोचे पाय

—नाही नाही, एर्सिलियाबाई, आधी बसा. मूर्ती टेबलावर ठेवा, फडक्यासकट ठेवा, मला इतक्यात बघवणार नाही — माटेचा चहा तयारच आहे, हा घ्या भोपळ्याचा पेला, नळी जरा चोंदते, जोरात ओढा — आणि एक विनंती, परत देताना आभार मानू नका. आभार मानलेत की संपलं, रिवाजच तसा, पुढचा भरता येत नाही मला, आणि तुम्ही इथून उठून सरळ फौजदाराकडे जाल. मला तर अजून बोलायचंय. म्हणजे, समजावून सांगायचंय. शास्त्र म्हणून.

ती गोळी द्या बघू इकडं. हां, बावीस बोराची. ही बाजू बघा, घासून सपाट झालीय. म्हणजे ही सरळ आलेलीच नाही, उसळून आलीय! लोकांना वाटतं, एवढीशी गोळी, सशाबिशाला मारायची, ती कुणाचं काय वाकडं करणार? अहो, लहानपणी तळ्यावर चपट्या दगडाचे टप्पे काढायचो ना, तसंच हे — गोळी आडवी गेली की पाण्यावरून टप्पा घेते, टणक मातीवरून घेते, दगडावरून तर घेतेच, आणि मग कुठं जाईल ते तिच्या बापालाही ठाऊक नाही. म्हणून उंचावरून मारायची, म्हणजे ती जमिनीत रुतते. मागं मऊ मातीचा चढ असल्याशिवाय चाप ओढायचा नाही. शिकार मंडळात दर हिवाळ्यात मी, फुल्हेन्सियो मास्तर, फळ्यावर आकृती काढून हेच सांगतो — अर्धे झोपतात, उरलेले सॉसेज खातात, पण सांगतो!

आणि हा गाढव काय करतो? पोटावर झोपतो! तुमच्या गुरांच्या पाणवठ्यापलीकडे ससा बसलाय, कान टवकारून, मागं चढ नाही, काही नाही, नुसतं सपाट रान आणि पुढं तुमचं आवार — आणि हा पालथा पडून पाण्यालगत गोळी सोडतो! का पडला? अहो, उभ्यानं हात थरथरतात, वाकलं की गुडघे बोलतात — म्हणजे, बोलत असतील. वयस्कर असेल बिचारा. ससा? ससा कसला मरतोय! माझ्याकडे बघत बसला — त्याच्याकडे, त्याच्याकडे बघत बसला, आणि मग असा सावकाश निघून गेला, जसा काही माझा तास संपलाय.

अशा बघू नका हो. वाक्यातला कर्ता महत्त्वाचा नाही, बाई, कोन महत्त्वाचा आहे.

आणि गेलाच का असेल तो माणूस? बेकरीत कोण म्हणालं, नवरा उबाल्दो वारल्यापासून माझ्या घरात व्हिनेगरात मुरवलेला ससा झाला नाही म्हणून? रांगेत मागं कोण उभं आहे ते बघून बोलावं माणसानं! जन्मात ज्यानं चिमणी मारली नाही, त्यानं मग उसनी रायफल आणली. आकृतीत फार सोपं दिसतं सगळं.

बरं. काढा ते फडकं. अरेरे... पाय गेले. दोन्ही, घोट्यापासून. डोकं शाबूत आहे, कडेवरचा बाळ येशू शाबूत — थांबा. हे जमत नाही. दारातच म्हणालात ना, मूर्तीच्या कोनाड्याच्या वरच्या दगडाचा टवका उडालाय? वरच्या. म्हणजे गोळी वरून गेली. वर डोकं असतं. पाय खाली असतात, संत झाला तरी. मग डोकं जायला हवं होतं, पाय कसे — पाय वर असतील तरच —

सान अंतोनियो डोक्यावर उभा होता?

लाल कशाला होताय? नवरा मिळेपर्यंत या बिचाऱ्याला उलटा ठेवतात, हे मलाही माहीत आहे, माझ्या बहिणींनी तर त्याला बादलीत बुडवला होता. म्हणजे तुम्ही — या वयात? नाही, वय काढत नाही मी, जीभच मेली वाईट! पण कुणासाठी? त्या औषधवाल्यासाठी? की बेनिग्नो खाटकासाठी? त्याच्या दुकानात काय, आयते ससे टांगलेले असतात... नाही विचारत. मला काय अधिकार, संताचे पाय तोडणारा माणूस मी. फक्त एवढंच म्हणतो — एवढं मोठं पांपाचं माळरान पडलंय, उसळलेली गोळी कुठंही गेली असती, एखाद्या गाईच्या ढुंगणात गेली असती, आणि ती निघाली कुणाच्या बंदुकीतून, नि जाऊन लागली कुणाच्या नवसाला. मी असलं काही मानत नाही. तसं गणित मांडून बघता येईल, पण... नको. गणितं माझी चुकतात.

संपला वाटतं. नळी वाजतेय. आता भोपळा पुढं कराल आणि म्हणाल — थांबा, लगेच म्हणू नका. म्हणायचंच असेल तर मला आधी खिडकीकडं तोंड करू द्या, मी —

दिलात.

नुसताच दिलात, आभाराशिवाय.

पाणी निवेल हो. भरतो. गप्प बसतो.