क्रेनवरील उस्तादांच्या चार गोळ्यांबाबत

नाव : हजेरीबुकात व कामावर 'बावटेवाला' म्हणून ओळख. वय ४१ वर्षे. धंदा : बांधकामावर क्रेनचा सिग्नलमन. राहणार : साइटमागील कामगार चाळ, खोली नं. ९.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व दोन मुलींसह राहतो. क्रेनचा ऑपरेटर वर केबिनमध्ये बसतो. माल कुठे उचलायचा आणि कुठे टेकवायचा हे मी खालून बावटा दाखवून व वॉकीटॉकीवर बोलून सांगतो. आमच्या क्रेनचे ऑपरेटर वय ५८ चे असून त्यांना सर्वजण उस्ताद म्हणतात. मी सहा वर्षे त्यांच्याबरोबर आहे. ते दारू पीत नाहीत. चहासुद्धा अर्धाच घेतात, कारण केबिन बावन्न मीटरवर आहे आणि सारखे खाली उतरता येत नाही.

काल सकाळी पावणेआठच्या सुमारास गेटजवळ उस्ताद भेटले. ते तीन दिवस मुलीकडे गेले होते. म्हणाले, "छातीत नुसती धडधड चाललीये कालपासून. प्रेशरच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या, आज डबी हातात आली." त्यावर मी म्हणालो, "मग राहिलेल्या घेऊन टाका एकदम, फिटंफाट." हे मी हसत बोललो. त्यांनी तीन राहिलेल्या व एक आजची अशा चार गोळ्या माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतल्या. पाण्याची बाटली माझी होती.

साडेआठला ते वर चढले. दहा वाजून पाच मिनिटांनी सळयांचा दोन टनांचा गठ्ठा सातव्या स्लॅबच्या वर असताना तो मध्येच थांबला. स्लॅबवर सळया बांधणारे अकरा जण होते. वॉकीटॉकीवर उस्तादांचा आवाज आला. जीभ जड वाटली.

"बावट्या, डोळ्यांपुढे काळं येतंय. हात माझे राहिले नाहीत."

मी म्हणालो, "उस्ताद, खाली अकरा माणसं आहेत."

"दिसतायत. म्हणून तर तुला सांगतोय. स्लॅबला शिडी एकच आहे, ते सगळे उतरेपर्यंत माझं काही खरं नाही. गठ्ठा मी यार्डात नेतो. तू बोलत राहा, थांबू नकोस."

विचारल्यावरून सांगतो की, ऑपरेटरचा हात लिव्हरवरून सुटला तर ब्रेक आपोआप लागतो. पण माणूस लिव्हरवर पुढे कोसळला, तर मशीन त्याच्या अंगाचा भार हुकूम समजते.

क्रेनचा आडवा हात यार्डाकडे वळला. जाताना गठ्ठ्याचे एक टोक परांचीला घासले व तिच्या दोन फळ्या पडल्या. कोणास इजा झाली नाही. त्यानंतर मी अंतर सांगत गेलो. दहा मीटर. पाच. दोन. पुरुषभर. हात. वीत. मध्ये दोनदा त्यांचा आवाज आला नाही, तेव्हा मी तोच आकडा पुन्हा सांगितला. चार बोटे राहिली असताना ते म्हणाले, "हळू ना?" मी हो म्हणालो. गठ्ठा लाकडी ठोकळ्यांवर टेकला. सळईवर सळई वाजली नाही. मी वीस वर्षांत अनेक हजार वेळा माल उतरताना पाहिला आहे. असा पाहिलेला नाही.

साइट इंजिनिअर साहेब धावत आले व म्हणाले, "प्यायलाय तो. जीभ ऐकलीस ना?" त्यांनी ठाण्यास फोन केला. प्रथमोपचार खोलीतील सिस्टर तेथे आल्या, त्यांनी माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतली.

"उस्ताद, सकाळी काय घेतलंत?"

"गोळ्या. चार."

"एकदम चार कशाला?"

"राहिल्या होत्या."

सल्ला माझा होता हे उस्तादांनी सांगितले नाही. मी ते तिथेच सिस्टरना सांगितले. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. वॉकीटॉकीत म्हणाल्या, "उतरायचं नाही. उभंसुद्धा राहायचं नाही. आडवे व्हा, पाय खुर्चीवर ठेवा. मी येते."

सिस्टरांचे वय पन्नाशीचे आहे. कपाटावरचा खोका काढायलाही त्या दुसऱ्याला स्टुलावर चढवतात, हे साइटवर सर्वांना माहीत आहे. त्यांनी चपला काढल्या, अग्निशमन दलाला बोलवायला सांगितले, सुरक्षा पट्टा बांधून घेतला, प्रेशरचे मशीन पाठीला लावले व शिडी चढू लागल्या. शिडीला एकशे सत्तर पायऱ्या आहेत. त्यांनी खाली एकदाही पाहिले नाही. खाली साठ-सत्तर माणसे उभी होती, मिक्सर बंद होता. इंजिनिअर साहेबांनी हेल्मेट काढून हातात धरले होते.

दहा सत्तेचाळीसला वरून आवाज आला, "नाडी छत्तीस. प्रेशर ऐंशी-पन्नास. शुद्धीवर आहेत, तोंडाला वास नाही." मग दलाचे जवान येऊन स्ट्रेचर दोराने उतरवेपर्यंत, म्हणजे पाऊण तास, त्या मनगट धरून बसल्या व दर दोन मिनिटांनी फक्त आकडा सांगत राहिल्या. छत्तीस. छत्तीस. पस्तीस. सदतीस. आम्ही सर्व खाली ऐकत होतो.

इस्पितळात मी सोबत होतो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले व मला बाहेर नेऊन समजावले. "ही गोळी हृदयाला लगाम घालते. अचानक सोडली की ते उधळतं, तीच ती धडधड. चार एकदम घेतल्या की लगाम इतका ओढला जातो की ते थांबायला येतं. एखादी चुकली आणि पुढचीची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यायची. दुप्पट कधीच नाही. बंद करायची तरी विचारून, हळूहळू कमी करत. आणि दमा असेल, साखर असेल, तर आधी सांगायचं." उस्तादांच्या कागदावर कामाच्या रकान्यात 'बैठे काम' असे लिहिलेले होते. डॉक्टरांनी मला विचारले, कुठे बसतात? मी सांगितले. त्यांनी पेन काढून 'बैठे' हा शब्द खोडला.

रक्ततपासणीत दारू नाही असा अहवाल आहे, प्रत हजर करीत आहे. नाडीच्या पडद्यावर मी स्वतः आकडे पाहिले. चव्वेचाळीस. बावन्न. सायंकाळी अठ्ठावन्न. डॉक्टर म्हणाले, हृदय स्वतःच सावरत आहे. मी त्या हिरव्या रेषेसमोर दीड तास उभा होतो. बसायला खुर्ची होती.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. इंजिनिअर साहेबांचा संशय चुकीचा होता, हे त्यांनीही आज सकाळी इस्पितळात येऊन उस्तादांना सांगितले.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी जे पाहिले त्यापेक्षा यात कमी आहे. जे आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरे आहे, म्हणून सही करीत आहे.