पुडीवरची मिरची

गोविंदा : ताई, जरा इकडून या. त्या मूर्ती अजून ओल्या आहेत, पदर लागेल.

इंदुबाई : मूर्ती न्यायला नाय आले मी. गोविंदा पेंटर कोन हितं?

गोविंदा : मीच. बोला.

इंदुबाई : ही बियान्याची पुडी बघा. हिच्यावरचं चित्र तुमी काढलंत?

गोविंदा : बघू... अरे, ही तर आपली ज्वालामुखी मिरची! छापून आली होय? मला एक पुडीसुद्धा दाखवली नाही त्या लोकांनी. ज्वाळा जरा फिक्या उतरल्यात, पण राक्षसाचे डोळे बघा. डोळे जसेच्या तसे आलेत.

इंदुबाई : म्हंजे तुमीच.

गोविंदा : मीच की. खाली कोपऱ्यात नाव आहे ना, ‘गोविंदा, पेण’. तुम्हाला आवडलं?

इंदुबाई : आता ही मिरची बघा.

गोविंदा : ही कुठली?

इंदुबाई : त्याच पुडीतली. माझ्या परसातली. रोह्यावरनं पिशवीभर घेऊन आलेय. चावून बघा.

गोविंदा : नको हो बाई! ‘जगात हिच्यापुढं तिखट नाही’ ही अक्षरं माझ्याच हातची आहेत.

इंदुबाई : म्हनून तर सांगते. चावा. मी हाय ना समोर.

गोविंदा : तुम्ही म्हणता म्हणून हं... अं... बियांसकट खाऊ?

इंदुबाई : खा.

गोविंदा : हिला काही चवच नाही.

इंदुबाई : काकडी बरी हिच्यापरीस.

गोविंदा : बसा. त्या पाटावर बसा. पाणी देऊ? मडक्यातलं आहे, गार आहे.

इंदुबाई : द्या. सकाळपासून पान्याचा घोट नाय घेतला. एसटीत उभी होते, मंग तुमचं घर शोधत फिरले. पेणमदी ज्याला त्याला विचारावं तर जो तो मूर्तीचाच कारखाना दाखवतो.

गोविंदा : पण ताई, माझ्याकडं का आलात? मी फक्त चित्र काढलं. कंपनीवाल्यांना गाठायचं.

इंदुबाई : गाठलं. पुडीवर पुन्याचा पत्ता हाय. आमच्या आळीतल्या जनूचा जावई तिथं जाऊन आला. त्या पत्त्यावर चपलांचं दुकान हाय. त्यांनी मिरचीचं नाव बी ऐकलं नव्हतं. पुडीवर खरं म्हनून एक तुमचंच नाव निघालं.

गोविंदा : काय सांगू? मूर्तीवर कारागिराचं नाव टाकत नाहीत. लहानपणापासून गणपतीचे डोळे आखतोय, ते पाण्यात जातात. या चित्राखाली पहिल्यांदा नाव टाकलं. काम घेऊन आलेल्या त्या माणसाला विचारलंसुद्धा नाही. तो म्हणाला, बघून अंगाला घाम फुटला पाहिजे. मी म्हटलं, फोडतो.

इंदुबाई : मिरची बघितली होती?

गोविंदा : नाही. मागितली तर म्हणाला, विलायती आहे, हात लावला तर फोड येतील. मला ते खरंच वाटलं.

इंदुबाई : मला बी वाटलं. रोह्याच्या बाजारात त्यांची जीप आली होती, वर कर्ना लावलेला. सफारी घातलेला मानूस बोलत होता, म्हने आता रोह्याच्या पुढं रेल्वे होतेय, तुमची मिरची गाडीत बसून थेट मंगळूरला, तिथनं बोटीनं परदेशात. माल कंपनीच दारात येऊन उचलील. मंग गर्दीतनं एक जन पुढं आला, म्हनला मी खातो. अर्धी मिरची चावली आन् रस्त्यावर गडाबडा लोळायला लागला हो! दोघांनी धरून जीपमदी घातला.

गोविंदा : तो त्यांचाच असणार.

इंदुबाई : आता कळतंय. तवा मी नुसती बघत ऱ्हायले. गावात गेले ती सगळ्या बायकांना सांगत सुटले. मानूस लोळताना माझ्या डोळ्यांनी बघितला, म्हनलं. औंदा वाल नको, मिरची लावूया.

गोविंदा : आणि त्यांनी लावली?

इंदुबाई : लावली ना. भात कापून झाल्यावर आमच्याकडं सगळीकडं वालच असतो. औंदा आमच्या आळीत वालाचं एक रोप नाय. थंडीत पोपटी लावायची, शेंगा मडक्यात भरून जाळात भाजायच्या, तर त्या शेंगाच दुसऱ्या गावातनं आनल्या. मालक गेल्यापासनं माझं कोन कशाला ऐकतंय? एकदाच सगळ्यांनी ऐकलं, आन् ते हे असं.

गोविंदा : बायका बोलल्या तुम्हाला?

इंदुबाई : बोलत नायत, तेच तर. पापड लाटायला सुरवात झालीय बायजाबाईच्या अंगनात. दरसाल पयला पापड माझ्या हातचा असतो. औंदा मला बोलवनं आलं नाय. मी घरात बसून लाटन्यांचा आवाज ऐकते.

गोविंदा : मग मी काय करू, ताई?

इंदुबाई : मला तुमच्याकडनं काय नको. फकस्त एकदा गावात चला. बायजाबाईला सांगा, इंदूनं फसवलं नाय, ती बी फसली. माझ्या तोंडानं सांगायला जाते, तर तिच्या कुडापासूनच माघारी फिरते.

गोविंदा : येतो.

इंदुबाई : नाय यायचे तुमी. तुमचं काम ऱ्हाईल.

गोविंदा : राहू दे. आज हे डोळे अर्धे आखलेत, तसे सोडून उठता येत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं येतो. रोह्याला उतरून कुठं यायचं?

इंदुबाई : वरसे गावावरनं पुढं. स्टँडवर मीच येते घ्यायला.

(दुसरा दिवस. बायजाबाईचं अंगण, खाटेवर पापड वाळत घातलेले, बाजूला सुपात मिरच्या.)

बायजाबाई : कोन गो हा बाप्या? आन् तू तिथं कुडाशी का उभी? आत ये.

इंदुबाई : हे पेणचे पेंटर. बियान्याच्या पुडीवरचं चित्र यांनी काढलंय.

बायजाबाई : तो आगीतला? डोळे वटारलेला? अवो, ती पुडी मी चुलीपाशी लावलीय. तवापासनं मांजर दुधाकडं फिरकत नाय.

गोविंदा : बाई, मी हसण्यावारी नेण्यासारखं काही सांगायला आलो नाही. ही मिरची मी न बघता काढली. वर जे लिहिलं तेही माझ्याच हातचं, त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. इंदुताईंचा यात काही दोष नाही. तुम्हाला राग असेल तर मला बोला.

बायजाबाई : झालं बोलून?

गोविंदा : हो.

बायजाबाई : मंग बसा त्या बाकावर. गो इंदे, तू या मानसाला पेणवरनं उचलून आनलंस ते मला हे ऐकवायला?

इंदुबाई : तू माझ्याशी बोलत नव्हतीस.

बायजाबाई : चार दिस नव्हते बोलत. खोटं कशाला सांगू? दुसऱ्याच्या वालाची पोपटी तोंडात घातली तवा जीव जळला माझा. तुला शिव्या बी घातल्या, घरातल्या घरात. मंग गेला राग. राग धरून बसायला येळ हाय कुनाला?

इंदुबाई : आन् ही मिरची? सगळ्यांच्या दारात तशीच लाल होऊन गळतेय.

बायजाबाई : कोन म्हनतंय गळतेय? त्या सुपात बघ. चीर देऊन मसाला भरलाय, ताकात बुडवून उन्हात टाकलीय. सांडगी मिरचीला आपली तिखट मिरची घेतली की मानूस अर्ध्यात टाकतो. ही भरायला कशी लांब, जाड सालीची. माझा विशाल धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जातो ना, त्यानं डब्यात नेली. तिथली पोरं त्याच्या डब्यावर पडली. आता रोज मागतायत.

गोविंदा : तळलेली एक मिळेल?

बायजाबाई : देते की. यांना भूक लागलेली दिसतेय गो. सकाळी काय खाल्लं का?

गोविंदा : गाडी चुकेल म्हणून तसाच निघालो.

बायजाबाई : मंग भाकर बी खा. लाजू नका. आमाला फसवलंत, आता जेवल्याशिवाय सोडत नाय.

गोविंदा : सगळ्या बायका अशा करतायत मिरच्या?

बायजाबाई : अर्ध्याजनी करतायत. बाकीच्यांनी रोपं उपटून टाकली, त्यांचं गेलं ते गेलं. त्यातली पुतळी अजून तोंड फुगवून हाय. ती इंदीला बोलेल, मी काय तिचं तोंड धरू शकत नाय. पन बोलेल आन् लाटायला बी बसेल.

इंदुबाई : मला लाटायला कोनी बोलावलं नाय.

बायजाबाई : दोनदा आले मी तुझ्या दारात.

इंदुबाई : कधी? उगाच बोलू नको, बायजे.

बायजाबाई : एकदा दुपारची आले. दुसऱ्यांदा पापडाचं पीठ भिजवलं त्या दिशी. तुझं दार लावलेलं.

इंदुबाई : मी घरातच होते. कुटं जातेय मी?

बायजाबाई : म्हाईत हाय मला.

इंदुबाई : मंग हाक का नाय मारलीस?

बायजाबाई : आतून तुझ्या रडन्याचा आवाज येत होता. हाक मारली असती तर तू डोळे पुसून हसत भायेर आली असतीस. म्हनून पायरीवर बसले. तू गप झालीस, मंग गेले.